सुंदर फोटो आणि कामाचा फोटो

इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात लेकनहीथ नावाचा हवाई तळ आहे. नावाला रॉयल एअर फोर्सचा, पण तिथली लढाऊ विमानं अमेरिकन हवाई दलाची. कुंपणाबाहेर हौशी लोक लांब लेन्स घेऊन तासन्‌तास उभे असतात, काही जण तर घरून शिडी आणतात! त्यांनी काढलेले फोटो नेटवर ढिगाने सापडतात. उद्या संशोधनात ते 'डेटा' म्हणून वापरायचा मोह तुम्हाला झालाच, तर आधी ते समीक्षकाच्या नजरेने बघा.

सगळ्यात जास्त वाहवा कुठल्या फोटोला मिळते? विमान कलंडून वळतंय, पाठ आपल्याकडे, पंखांवर वाफेचा पांढरा पट्टा. दिसतं जबरदस्तच. पण एफ-१५ची शेपटीवरची दोन उभी पाती वरून बघितली की नुसत्या रेघा होतात. आणि तळाची 'एलएन' ही खूण, विमानाचा क्रमांक, सगळं त्या पात्यांवरच लिहिलेलं. म्हणजे विमान कुठलं, ते कळत नाही. पंखाखाली काय टांगलंय, तेही झाकलेलं. आता चाकं सोडून उतरणाऱ्या विमानाचा बाजूने घेतलेला, काहीसा कंटाळवाणा फोटो घ्या. क्रमांक वाचता येतो, त्यातून ते कुठल्या आर्थिक वर्षातल्या खरेदीचं आहे ते कळतं, खालच्या टाक्या नि क्षेपणास्त्रं मोजता येतात. मला विचाराल तर या प्रकारातली खरी कला इथे आहे, पण या मताला गिऱ्हाईक कमी.

मोजणीचंही तसंच. डिसेंबर २०२१मध्ये लेकनहीथला एफ-३५ आली. नव्या विमानावर सगळ्यांचे कॅमेरे वळणार, जुन्याला कोण विचारतो? एकाच विमानाचे दहा जणांनी काढलेले दहा फोटो म्हणजे दहा उड्डाणं नव्हेत. रात्रीची उड्डाणं तर जवळजवळ गायबच. याला आपण सिलेक्शन बायस म्हणतो: फोटोंची संख्या उड्डाणांबद्दल कमी आणि फोटो काढणाऱ्यांच्या आवडीबद्दल जास्त सांगते.

कंटाळवाण्या नोंदीची किंमत ग्रीसमध्ये मात्र नीट ओळखली गेली, जरा जास्तच. नोव्हेंबर २००१मध्ये कलामाता तळाजवळ १२ ब्रिटिश आणि २ डच विमानवेड्यांना पकडलं. वाद नुसत्या फोटोंचा नव्हता, वह्यांत टिपलेल्या क्रमांकांचाही होता. एप्रिल २००२मध्ये आठ जणांना हेरगिरीसाठी तीन वर्षांची, बाकीच्या सहा जणांना त्यांना मदत केल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे सुटले. आपल्याकडेही पुण्यात लोहगावला उतरताना फोटो काढू नका असं सांगतातच, आणि १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे.

विखुरलेल्या नोंदी एका तक्त्यात आणणारे तुम्ही, कुंपणाशी उभा राहणारा मात्र दुसराच. तेव्हा तारीख, तळ, क्रमांक हे रकाने भरा, पण फोटो काढणाऱ्याचं नाव वेगळ्या फाइलीत ठेवा. आणि तक्ता जाहीर करण्याआधी त्याला एकदा विचारा.