मनगटावरचा कारकून

माझा मेव्हणा हिंजवडीत असतो. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात मोडते, पण त्याला ते पटत नाही. त्याच्या मते ती अमेरिकेत आहे. त्याच्या कंपनीत मनगटी घड्याळांच्या आतली गणितं तपासतात. माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला त्याने असलंच एक स्मार्ट घड्याळ मला दिलं आणि म्हणाला, "भाऊजी, वापरा आणि अभिप्राय सांगा." कारकुनाकडे अभिप्राय मागू नये. तो ऑडिटच करतो.

आधी जमेची बाजू. घड्याळ देखणं आहे. मनगट वळवलं की आपणहून उजळतं. हे काही लहानसहान काम नव्हे. १९७२ साली अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीचं 'पल्सर' नावाचं इलेक्ट्रॉनिक आकड्यांचं घड्याळ विक्रीला आलं. सोन्याचं, किंमत २१०० डॉलर! पण त्याचे लाल दिवे वीज फार खात, म्हणून वेळ बघायला दर खेपेस बटण दाबावं लागे. म्हणजे घड्याळ एका हातात आणि दुसरा हात त्याच्या तैनातीला. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असेल, तर त्या लक्षाधीशानं वेळ कुणाला विचारायची?

आता नावेची बाजू. हे घड्याळ पावलं मोजतं. दिवसाची दहा हजार भरली की मनगटावर दिवाळी! हा आकडा कुण्या हृदयरोगतज्ज्ञानं काढला असेल अशी माझी भाबडी समजूत होती. तसं काही नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव खपलं आणि साऱ्या जगाच्या पायांना टार्गेट लागलं. टार्गेट वरून येतं, का ते विचारायचं नसतं, हे आम्हा बँकवाल्यांना नव्यानं सांगायला नको.

बरं, हे पाय बघतच नाही. बघतं हाताचे हेलकावे, आणि त्यावरून पायांचा अंदाज बांधतं. एका निरोपसमारंभात मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या, तर साठ पावलं जमा. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सौ.च्या मागून अख्खा बाजार फिरलो, तर खात्यात खडखडाट!

जुलैत आमच्या पौडच्या शाखेतल्या शिपायाच्या शेतावर गेलो होतो. इंद्रायणीची लावणी चालली होती. गंमत म्हणून घड्याळ त्याच्या आईच्या, म्हणजे मावशींच्या, डाव्या मनगटावर बांधलं. लावणीत डाव्या हातात रोपांची जुडी असते, तो हात जवळजवळ हलत नाही. राबतो तो उजवा. मावशी दिवसभर कमरेत वाकून, चिखलात, पाऊल पाऊल मागं सरकत होत्या. दुपारी घड्याळ थरथरलं. मावशी म्हणाल्या, "सायेब, काय म्हनतंय वो ते?"

काचेवर लिहिलं होतं : 'बराच वेळ बसला आहात. उठा, जरा चाला.'

मी म्हणालो, "पाऊस वाढंल म्हणतंय."

संध्याकाळी पावलं भरली नऊशे चाळीस.

यावर हसून मोकळं होता आलं असतं. पण आता काही आरोग्यविमा कंपन्या पावलांच्या हिशेबावर हप्त्यात सूट देतात. म्हणजे एसीत हात झुलवत चालणारा माझा मेव्हणा कष्टाळू ठरणार आणि मावशी आळशी. या कारकुनाला हिशेब येतो, पण फक्त चालायला निघालेल्या माणसाचा. वाकलेल्या माणसाचं खातंच त्यानं उघडलेलं नाही. आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर गिऱ्हाइकाला खोटं पाडत नाहीत; वही पुन्हा तपासतात.

मेव्हण्याला हाच अभिप्राय दिला. म्हटलं, "पुढच्या घड्याळाची चाचणी घ्यायला लांब जाऊ नकोस. आपल्याच तालुक्यात, जुलैत, मावशींच्या बांधावर ये."

तो बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "येतो भाऊजी. पण बांधापर्यंत गाडी जाते ना? चालावं नाही ना लागणार?"