सहा छरे आणि एक पिंजरा

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोटारीत एक्सेलचं काम अवघड असतं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवायची, आणि ते चाक स्टेअरिंगबरोबर वळत असताना, खड्ड्यांत वरखाली होत असतानाही पोचवायची. हे ज्याच्या जोरावर जमतं तो चाकाजवळचा सी. व्ही. (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसमान वेगाचा) जॉइंट आपल्याला दिसत नाही. त्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट असतो. बूट फाटला की जॉइंट उघडावा लागतो, आणि मग कळतं की तो किती सुंदर आहे.

फाटल्याची खूण चाकाच्या आतल्या बाजूला मिळते. रिमवर, सस्पेन्शनच्या आर्मवर काळ्या ग्रीसचे फराटे उडालेले असतात. पूर्ण स्टेअरिंग मारून वळताना कट-कट ऐकू येऊ लागलं, तर धूळपाणी आधीच आत शिरून झिजवून गेलेलं असतं.

गाडी जमिनीवर असतानाच हबचा नट सैल करायचा. मग जॅक, चाक, खालचा बॉल जॉइंट; हब बाहेर ओढलं की एक्सेलचं दातेरी टोक सुटतं. दुसरं टोक गिअरबॉक्समधून काढताना खाली ट्रे हवाच, ऑइल येतं. एक्सेल वाइसमध्ये धरून क्लिपा कापायच्या, बूट मागे सारायचा आणि जॉइंटच्या आतल्या भागावर पितळी ड्रिफ्ट टेकवून ठोका द्यायचा. सर्कलिप मिटते, जॉइंट हातात येतो. काही गाड्यांत तो शाफ्टवरून निघतच नाही. तिथे बूट दुसऱ्या टोकाकडून ओवतात. जुनं ग्रीस मिस्त्री आधी दोन बोटांत चोळून बघतो. रव्यासारखं खरखरलं, तर नुसत्या बुटाने भागणार नाही.

ग्रीस पुसल्यावर दिसतात ते बाहेरचा वाटोळा कप, आतला गोलसर गाभा, दोघांत समोरासमोर कोरलेल्या वक्र खाचा, त्यांत सहा छरे आणि छरे धरून ठेवणारा खिडक्यांचा पिंजरा. गाभा तिरका करा, एका बाजूचा छरा खिडकीतून वर येतो. तो काढा, दुसरीकडे कलवा, पुढचा येतो. सहाही निघाल्यावर पिंजरा काटकोनात फिरवला तरच बाहेर पडतो. जोर लावून इथे काहीच निघत नाही, कोन साधावा लागतो.

हे सगळं एका अडचणीपायी. साधा क्रॉसचा जॉइंट तीस अंशात वाकवून शंभर फेऱ्यांच्या वेगाने फिरवला, तर पुढच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे 87 आणि 115 यांच्यामध्ये हेलकावतो. वळणावर स्टेअरिंग थरथरणारच. आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने त्यावर उपाय शोधला. त्याचं पेटंट 1928 सालचं. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण मुद्दा तोच राहिला: कोन कितीही असो, छरे त्याला बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच राहिले पाहिजेत. मग प्रत्येक छरा दोन्ही शाफ्टांच्या अक्षांपासून सारख्याच अंतरावर राहतो, आणि दोन्हीकडचा वेग क्षणोक्षणी एकच. मला यात सर्वांत भावतो तो पिंजरा. ताकद वाहून नेतात छरे. पिंजरा फक्त त्यांना एका प्रतलात ठेवतो, आणि तेवढ्यावर सगळा जॉइंट उभा आहे. 1959 च्या मिनीत चाकांशी याच जातीचे जॉइंट होते. आपल्याकडे 1983 साली आलेल्या मारुती 800 ची ताकदही पुढच्याच चाकांना होती.

जॉइंट इतक्या नेमकेपणावर चालतो, म्हणून बूट बदलताना तो न उघडता फटीतून नवं ग्रीस कोंबणं मला पटत नाही. आतली धूळ तशीच राहते. काढण्याआधी गाभा, पिंजरा आणि कप यांवर रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे प्रत्येक छरा आपापल्या खाचेत परत जातो. नव्या बुटासोबतचं काळं मोली ग्रीस सगळंच वापरावं. शेवटची क्लिप आवळण्याआधी बुटात कोंडलेली हवा काढून द्यावी, नाहीतर घड्या फुगून राहतात आणि एकमेकींवर घासतात. हबचा नट मात्र नवाच घ्यावा. गाडी खाली उतरवून ठरलेल्या टॉर्कला तो आवळला की त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवायची.