नगररस्त्यांची परिभाषा : नाम आणि लक्षण

मराठी परिभाषेची चर्चा बहुधा शब्दांच्या कुळाभोवती फिरते. संज्ञा संस्कृतोद्भव असावी की रूढ परभाषी शब्दच स्वीकारावा, हा तिचा नित्याचा वाद होय. नगरातील रस्त्यांची आखणी व बांधणी यांच्या मानकांचा विचार करू लागताच मात्र हा वाद दुय्यम ठरतो. तेथील मुख्य उणीव नामाची नसून लक्षणाची आहे. न्यायशास्त्राने लक्षणाचे जे दोष सांगितले, त्यांपैकी अतिव्याप्ती आणि अव्याप्ती हे दोन या क्षेत्रात पदोपदी आढळतात.

‘गतिरोधक’ ही संज्ञा प्रथम घेऊ. व्युत्पत्तीने तिचा अर्थ गती रोखणारा असा होतो; वस्तुतः गती रोखणे नव्हे, ती मर्यादित करणे हा त्या रचनेचा हेतू आहे. हा दोष क्षम्य मानावा, कारण रूढी योगार्थावर नेहमीच मात करते. खरा दोष निराळा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ सालच्या मार्गदर्शिकेने ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार उंचवटा सुचविला. ही मापे हेच त्या वस्तूचे लक्षण. मराठी व्यवहारात नाम आले, लक्षण मागे राहिले. परिणामी रस्त्यावर आडवा घातलेला डांबराचा कोणताही वरंबा ‘गतिरोधक’ या नावाने वावरतो. ही अतिव्याप्ती होय, आणि तिचा हिसका दुचाकीस्वाराला सोसावा लागतो.

‘पदपथ’ आणि ‘फुटपाथ’ यांतील निवडीचेही असेच आहे. पहिला शब्द कार्यालयाचा, दुसरा लोकांचा. दोहोंचा योगार्थ मात्र एकच. पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेच्या २०१२ च्या आवृत्तीने चालण्याच्या पट्ट्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी आणि २.२ मीटर उंची अडथळ्यावाचून मोकळी असावी, असे म्हटले. येथे ‘मोकळी’ हे विशेषण लक्षणाचा प्राण आहे. ते गळाले की विजेचा खांब, झाडाचा पार व दुकानाची पायरी यांसह मोजलेली रुंदीही कागदावर पुरेशी ठरते, आणि चालणारा रस्त्यावर उतरतो. नाव कोणतेही पत्करले, तरी हा दोष त्याने दूर होत नाही.

याहून गंभीर प्रश्न ‘रस्ता’ या मूळ संज्ञेचा आहे. इंग्रजीत ‘रोड’ आणि ‘स्ट्रीट’ असा भेद आहे: पहिल्यात प्रवासाचा, दुसऱ्यात वस्तीचा भाव प्रधान. नागरी रस्त्यांच्या भूमितीय आखणीच्या १९८३ च्या मानकाच्या शीर्षकात केवळ ‘रोड्स’ होते. २०१८ च्या आवृत्तीत ‘स्ट्रीट्स’ची भर पडली. मराठी ‘रस्ता’ दोन्ही अर्थ पोटात घेतो. वस्तीचा भाव आपल्याकडे आळी, गल्ली, बोळ या शब्दांत आहे. परंतु मानकांच्या परिभाषेत या शब्दांना स्थान मिळत नाही.

हे स्थान नसणे निरुपद्रवी नाही. १९८३ च्या मानकाने स्थानिक रस्त्यासाठी १० ते २० मीटर रुंदीची जागा सुचविली. याउलट मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील ‘स्ट्रीट’ची व्याख्या रुंदीचा उल्लेखच करीत नाही. ज्यावरून जाण्यायेण्याचा लोकांस हक्क आहे, किंवा जेथून लोक वीस वर्षे अखंड जात-येत आले आहेत, तो रस्ता. मग तो पूल असो वा बोळ, आरपार जाणारा असो वा नसो. अभियंत्याचे लक्षण मापावर उभे आहे, विधिज्ञाचे हक्कावर. ‘राइट ऑफ वे’ या पदात हाच दुभंग दिसतो: कायद्यात तो जाण्याचा हक्क, स्थापत्यात रस्त्यासाठी राखलेल्या जमिनीची रुंदी. त्यास ‘मार्गाधिकार’ असा एकच प्रतिशब्द योजल्यास नकाशावरील मीटर आणि रहिवाशाचा हक्क यांची गल्लत होते. मापाचे लक्षण हक्काच्या जागी लावले, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा बोळ रस्ता या कोटीतूनच बाहेर पडतो. ही अव्याप्ती होय.

सुदैवाने यशाचे उदाहरणही आहे. ‘दुभाजक’ हा शब्द घडविलेला असूनही लोकांनी उचलला, कारण वस्तू दिसताच त्याचा अर्थ पटतो. परंतु असे भाग्य प्रत्येक संज्ञेच्या वाट्यास येणार नाही. म्हणून परिभाषाकोशाने प्रतिशब्दांच्या याद्यांवर समाधान मानू नये. प्रत्येक संज्ञेपुढे तिचे लक्षण, तिचे माप, ते कोणत्या शास्त्राचे आहे याचा निर्देश आणि काय वर्ज्य आहे याचे विधान, एवढे असलेच पाहिजे. शब्द देशी की परका याचा निर्णय मग बोलणाऱ्यांवर सोपविण्यास हरकत नाही; लक्षणाचा निर्णय मात्र तसा सोडता येणार नाही.