बाटलीवरचा त्रिकोण

आमच्या पाचोडला मोसंबीवर फवारायच्या औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी तो सक्तीचा केला. काय फवारावे, हे सांगायला आता कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. २०२५मध्ये राज्याने शेतीसाठी ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्वतंत्र कायदा तूर्त नको म्हटले आणि संयमापेक्षा नवोन्मेषाला झुकते माप दिले. ही मांडणी मला अपुरी वाटते. २०१७मध्ये यवतमाळात फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर दगावले. तिथे त्रिकोणही पुरला नाही. मग ज्यावर कसलीच खूण नाही, त्या सल्ल्याची जबाबदारी कोणाची? आधी तपासणी, मग नोंदणी, मग विक्री हा औषधाचा क्रम सल्ल्यालाही हवा.