अपिलाविना गाऱ्हाणे : ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील सरकारी नोकर

प्रस्तावना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी इंग्रजी लेखन त्यांच्या हस्तलिखितावरून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालिकेच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. हे लेखन बहुधा आत्मकथन म्हणून वाचले जाते. तथापि त्यातील सहा प्रकरणांपैकी दुसरे, तिसरे व सहावे ही तीन प्रकरणे थेट सरकारी कामकाजाशी निगडित आहेत. या तीन प्रकरणांच्या आधारे, भेदभावाविरुद्ध दाद मागण्यास मंच नसलेल्या सरकारी नोकराची कैफियत म्हणून या लेखनाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बडोद्याचा अर्ज

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले आंबेडकर परतल्यावर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. लेखकाने परतीचे वर्ष १९१६ असे दिले आहे. चरित्रकार ते १९१७ मानतात. राहावयास जागा न मिळाल्याने ते पारशी असल्याचे भासवून एका पारशी पथिकाश्रमात दररोज दीड रुपया भाड्याने उतरले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी बजावले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडूनही आसरा न मिळाल्याने कामाठी बागेत वेळ काढून ते रात्री नऊच्या गाडीने मुंबईस निघाले.

या प्रसंगातील काठ्यांकडे वाचकाचे लक्ष प्रथम जाते. परंतु विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरतात ती एका अर्जासंबंधीची एक-दोन वाक्ये. सरकारी बंगला मिळावा म्हणून आंबेडकरांनी संस्थानकडे विनंती केली होती. दिवाणांना ती तातडीची वाटली नाही. अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला आणि अंतिम उत्तर येण्यापूर्वीच तो दिवस उजाडला. येथे कोणीही नकार दिलेला नाही. कोणाच्याही सहीचा आदेश नाही. कागद केवळ फिरत आहे. काठ्या घेऊन येणारे खाजगी लोक होते. मात्र त्यांच्यासमोर आपला नोकर निराधार राहील अशी स्थिती शासनाच्या दिरंगाईने निर्माण केली. भेदभावाचे प्रशासकीय रूप ते हेच होय.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. बडोद्याच्या कचेरीत शिपाई दुरूनच कागद फेकत असत, हा सर्वपरिचित प्रसंग धनंजय कीर यांच्यासारख्या चरित्रकारांकडून आपल्याला ज्ञात होतो. या लेखनात तो येत नाही. येथे महालेखापालाच्या कचेरीचा उल्लेख ओझरता असून सारा भर निवाऱ्यावर आहे. ही निवड अर्थपूर्ण मानावयास हवी. ज्याला रात्री डोके टेकावयास जागा नाही, त्याची नोकरी कचेरीच्या दाराबाहेरच संपते, हे त्यातून सूचित होते.

चौकशी समितीचा सदस्य आणि तलाठी

तिसऱ्या प्रकरणात आंबेडकर मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य आहेत. वर्ष १९२९. चाळीसगावी टांगेवाले त्यांना घेऊन जाण्यास तयार होत नाहीत. अननुभवी माणसाने हाकलेल्या टांग्यातून पडून त्यांना गंभीर दुखापत होते. इतरांचे गाऱ्हाणे ऐकण्याचा अधिकार ज्याला शासनाने दिला, त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे मात्र कोणत्याच अहवालाचा विषय होऊ शकत नाही.

सहावे प्रकरण गुजरातमधील सफाई काम करणाऱ्या समाजातील एका तरुणाचे आहे. १९३६ मध्ये खेडा जिल्ह्यातील बोरसद तालुक्यात त्याची तलाठी म्हणून नेमणूक झाली. तेथे त्याला घर मिळाले नाही. कचेरीतील पाण्यासाठी पाणक्याची वाट पाहावी लागे. अखेरीस जमावाच्या धमकीनंतर तो मुंबईस आई-वडिलांकडे परतला. हे निवेदन त्याने ६ मार्च १९३८ रोजी दादर येथील सभेत केले होते. हे लेखन १९३५-३६ च्या सुमारास झाले असे सामान्यतः मानले जाते. परंतु या तारखेमुळे निदान हे प्रकरण त्यानंतरचे ठरते. दोन दशकांच्या अंतराने पदवीधर अधिकाऱ्याची व तलाठ्याची कथा एकाच वळणाने जाते : नेमणूक होते, बडतर्फी होत नाही, तरीही नोकरी जाते.

अपिलाचे आजचे स्वरूप

या पार्श्वभूमीवर आजच्या तरतुदी तपासणे उद्बोधक ठरते. संविधानाच्या अनुच्छेद १६(२) ने राज्याच्या सेवेत जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार अपील मुख्यतः आदेशाविरुद्ध असते. आदेशच नसेल तर अपील कशाविरुद्ध करावे, हा बडोद्याचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. या प्रश्नाचे अंशतः उत्तर प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ मध्ये आढळते. अपील वा निवेदन केल्यापासून सहा महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही, तर खात्यांतर्गत उपाय संपले असे कलम २० मानते. कलम २१ नुसार त्यानंतर एका वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे जाता येते. शासनाच्या मौनालाही कायद्याने निर्णयासारखेच मोल दिले. महाराष्ट्रात असे न्यायाधिकरण १९९१ पासून आहे आणि १९९७ च्या एल. चंद्रकुमार निवाड्यानंतर त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते.

परंतु आंबेडकरांना बडोद्यात मिळालेली मुदत सहा महिन्यांची नव्हती. ती संध्याकाळपर्यंतची होती. मुदतीच्या गणितात बसणारा न्याय आणि अपमानाच्या क्षणी लागणारा आधार यांतील हे अंतर कोणत्याही कलमाने पूर्णतः भरून निघत नाही. तलाठ्याच्या पाण्याचा प्रश्न अपिलाने सुटला असता, तरी निकालापर्यंत तहान थांबत नाही.

समारोप

हे लेखन आरंभीच परदेशी वाचकास उद्देशून असल्याचे स्पष्ट करते. आपल्या व्यवस्थेत दाद मागण्याची जागा नसल्याने लेखक ती बाहेरच्या वाचकाकडे मागतो. म्हणूनच येथे भावनोद्रेक नाही. भाडे, दिवस, गाडीची वेळ, माणसांची संख्या असा प्रतिज्ञापत्राला साजेसा तपशील आहे. शीर्षकातही ‘अपील’ नसून ‘प्रतीक्षा’ आहे. या लेखनाचे वाङ्मयीन सामर्थ्य या संयमातच आहे, असे म्हणता येईल. तक्रार निवारण समित्यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकवर्गाने ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. समोर आलेला अर्ज फेटाळला गेला की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नाही. तो किती दिवस आणि कोणाच्या टेबलावर पडून होता, हाही पुरावाच असतो.