अकाली रजोनिवृत्ती आणि हिलरी मॅन्टेल यांचे आत्मकथन

‘रजोनिवृत्ती’ हा शब्द आपण शरीरशास्त्राचा म्हणून वापरतो. परंतु त्यातील ‘निवृत्ती’ या पदाचा ध्वनी शरीरशास्त्रापुरता राहत नाही. निवृत्तीपूर्वी प्रवृत्ती गृहीत असते. संसार झाला, मुलेबाळे मार्गी लागली, आता हेही ओसरले, असा एक क्रम त्यात अध्याहृत आहे. सुश्रुताने शारीरस्थानात रजाची मर्यादा १२ ते ५० वर्षे सांगितली आहे. पाश्चात्य देशांतील आजची सरासरीही ५१ च्या आसपास आहे. चाळिशीच्या आतच जिची पाळी थांबते, आणि अशा स्त्रिया शंभरांत निदान एक तरी असतात, ती या क्रमात कोठे बसावयाची? हिलरी मॅन्टेल (१९५२–२०२२) यांचे ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ (२००३) हे आत्मकथन वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

हकीकत थोडक्यात अशी. विद्यार्थिदशेत मॅन्टेलबाईंना वेदना सुरू झाल्या. डॉक्टरांनी त्या मनाच्या ठरविल्या आणि मनोविकारावरील औषधे दिली. त्या औषधांनीच नवे विकार उद्भवले. लेखन करू नये, असाही सल्ला एका मानसोपचारतज्ज्ञाने दिला. पुढे भूवैज्ञानिक पतीसमवेत बोट्स्वानात असताना त्यांनी वैद्यकाचे पाठ्यपुस्तक चाळून आपल्या दुखण्याचे निदान स्वतःच केले : एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊतीची गर्भाशयाबाहेर होणारी वाढ. निदान बरोबर निघाले, पण उशिरा. १९७९ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, लंडन येथील शस्त्रक्रियेत गर्भाशय व अंडाशय काढून टाकावे लागले. एरवी जे स्थित्यंतर शरीर काही वर्षे घेऊन सावकाश घडविते, ते दोन्ही अंडाशय काढल्यावर एका दिवसात पुरे होते.

या पुस्तकाकडे वैद्यकीय हलगर्जीपणाचे आरोपपत्र म्हणून पाहण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. तथापि तसे वाचणाऱ्यास त्याच्या रचनेचा उलगडा होणार नाही. आरोपपत्राचा आरंभ जिन्यावर दिसलेल्या सावत्र वडिलांच्या भुताने कशाला होईल? आणि अर्ध्याहून अधिक पृष्ठे डर्बिशायरमधील बालपणास देऊन शस्त्रक्रिया मोजक्या पानांत कशी उरकली जाईल? पुस्तकाचे नावच द्व्यर्थी आहे. इंग्रजीत त्याचा रूढ अर्थ प्राण सोडणे; शब्दशः अर्थ भूत सोडून देणे. मॅन्टेलबाईंच्या लेखी भूत म्हणजे केवळ मेलेला मनुष्य नव्हे. जे आयुष्य होऊ शकले असते आणि झाले नाही, तेही भूतच. म्हणून येथे एक कन्या आहे, जी कधी जन्मली नाही. तिचे नाव कॅट्रिओना. ते स्टीव्हन्सनच्या कादंबरीतून घेतलेले.

माझ्या मते या ग्रंथाचे खरे यश येथेच आहे. मृत अपत्याच्या शोकास रूढी आहे, विधी आहे. न झालेल्या अपत्यास दहावे-तेरावे नसते. अकाली पाळी गेलेल्या स्त्रीचे सांत्वन करणारे (आपल्याकडे त्यांची वाण नाही) ‘सुटलीस एकदाची’ म्हणतात, आणि तिचे दुःख कशाविषयी आहे हेच तिला सांगता येत नाही. मॅन्टेलबाईंनी त्या दुःखास नाव व स्वभाव देऊन टाकला. सावरणे म्हणतात ते येथे विसरण्याच्या अंगाने येत नाही, नोंद करण्याच्या अंगाने येते. ज्या लेखनास मनाई झाली होती, त्याच लेखनाने.

एक न्यून मात्र नोंदविले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर दुखणे पुन्हा उलटले, संप्रेरकांच्या उपचारात देह पालटला, वजन वाढले. या पालटलेल्या देहाविषयी त्या जळजळीत लिहितात. परंतु अकाली रजोनिवृत्तीची क्रमवार हकीकत येथे नाही. इस्ट्रोजेन लवकर आटल्याने हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि म्हणून विशेष बाधा नसल्यास नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके घेण्याचा सल्ला आज दिला जातो; ही माहिती वाचकाने अन्यत्र शोधावी. मॅन्टेलबाईंच्या बाबतीत तर इस्ट्रोजेन हेच त्यांच्या मूळ रोगाचे खाद्य होते, त्यामुळे त्यांचे उदाहरण सर्वांस लागूही पडत नाही.

शिवाय अनेकींच्या बाबतीत शस्त्रक्रिया झालेली नसते आणि कारणही सापडत नाही. अशांपैकी काहींची पाळी मधूनच परतते. शेकडा ५ ते १० जणींना गर्भही राहतो. यामुळे वैद्यकाने आपली परिभाषा बदलली आहे : ‘अकाली निवृत्ती’ न म्हणता अंडाशयाचे कार्य अपुरे पडणे, असे म्हणण्याकडे कल आहे. म्हणजे ‘निवृत्ती’ हे पद एकीकडे फार सौम्य, दुसरीकडे फार अंतिम ठरते. मॅन्टेलबाईंचे जे झाले ते निवृत्ती नव्हे, हरण होते. आणि जिची पाळी अधूनमधून परतते, तिचे अद्याप काहीच निवृत्त झालेले नाही. आपल्या परिभाषाकोशांत या दोन अवस्थांना निरनिराळे शब्द हवेत. ते सिद्ध होईपर्यंत ‘पाळी अकाली गेली’ हा घरगुती प्रयोगच मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात कारण गृहीत धरलेले नाही, समाधानही नाही.