‘स्मृतिचित्रे’तील पसारा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर मराठीत इतके लिहिले गेले आहे की, त्यात आणखी भर घालायची तर काही कारण सांगणे भाग आहे. आमचे कारण अगदी घरगुती आहे. अमरावती-अकोल्याकडील आपल्या कुटुंबांत उठता-बसता जो एक वाद कानी पडतो, तो पसाऱ्याचा. पतीला जे जपून ठेवावेसे वाटते ते पत्नीला अडगळ वाटते, किंवा याच्या उलट. बाहेरचे लोक हा वाद हसण्यावारी नेतात. परंतु वीस-वीस वर्षे तो मिटत नाही, आणि कित्येक घरांतील अबोल्याचे मूळ शोधू गेल्यास ते माळ्यावरच्या एखाद्या पत्र्याच्या पेटीत सापडते. या वादाची इतकी प्रामाणिक नोंद ‘स्मृतिचित्रे’खेरीज अन्य मराठी ग्रंथात आमच्या पाहण्यात नाही. समीक्षकांनी मात्र नेमकी तीच बाजू ‘प्रसन्न विनोद’ या सदरात घालून मोकळी केली आहे, आणि ते आम्हांस मान्य नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली निवर्तले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, 1934 ते 1936 या काळात, हे आत्मचरित्र चार भागांत प्रसिद्ध झाले. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनमधले. म्हणून आपल्या धर्मग्रामांतील वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. चूल दोन्हीकडे सारखीच पेटवावी लागते.

टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. आलेला पैसा गरजूला जाई, नाहीतर मनात भरलेल्या वस्तूवर जाई. घरात खायला नाही म्हणून सामान आणायला गेलेले टिळक एक सुंदर दौत घेऊन परततात, हा प्रसंग वाचकांना सर्वांत अधिक स्मरतो. तो वाचून आपण हसतो. पण कोण हसते आहे? लिहिणारी बाई त्या दिवशी हसली नव्हती. हसू आले ते कित्येक वर्षांनी, लेखणी हाती धरल्यावर. समीक्षक या ठिकाणी टिळकांचे कविमन आणि लक्ष्मीबाईंची सोशिकता यांचे गोडवे गातात. आम्हांस त्या परिच्छेदांत सोशिकतेपेक्षा हिशेब अधिक दिसतो. किती होते, कशाला गेले, मागे काय उरले, आणि त्या दिवशी चूल कशी पेटली, याची बारीकसारीक नोंद लक्ष्मीबाई ठेवतात. विनोद हे त्या हिशेबाचे वेष्टन आहे. वेष्टनाची तारीफ करून आतील वही न उघडणे हा वाचकाचा आळस होय.

तरीही ही वही आरोपपत्र होत नाही. याचे उत्तर आम्हांस लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या प्रकरणांत सापडते. जलालपूरच्या त्या घरात वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठ-गूळसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यायचे नाही. तिथे पसाऱ्याचे नाव नव्हते. सर्व काही स्वच्छ, जागच्या जागी, आणि घरातली माणसे भयभीत! मिठासारखी पाण्यात विरघळणारी वस्तू धुणे म्हणजे नीटनेटकेपणाने स्वतःचाच नाश करणे. ज्या मुलीने हे पाहिले, तिला पुढे टिळकांच्या अस्ताव्यस्त घरात राहताना ‘मला शिस्त हवी’ एवढेच म्हणून चालणार नव्हते. शिस्तही माणसे खाते हे तिला ठाऊक होते. म्हणूनच तिची तक्रार वस्तू इकडे-तिकडे पडल्या अशी क्वचितच असते. निर्णय एकाने घेतला आणि निस्तरावे दुसऱ्याने लागले, ही तिची खरी तक्रार.

ही कसोटी आपल्याकडे लावून पाहावी. वऱ्हाडात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा कूलरवाचून भागत नाही. पण उरलेले आठ-नऊ महिने तो लोखंडी अवजड डबा खोलीचा एक कोपरा अडवून बसतो. अकोल्याच्या कितीतरी घरांत पाण्याचे ड्रम आणि हंडे ओळीने मांडलेले असतात, कारण नळाचा भरवसा नाही. याला पसारा म्हणणे अन्यायाचे. तो हवामानाने आणि टंचाईने घरात आणून ठेवलेला आहे. वाद जुंपतो तो त्याच्या पलीकडच्या वस्तूंवर: बंद पडलेला रेडिओ, मुलांची पहिलीपासूनची पुस्तके, लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली भांडी.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी तसबिरीमागे वाळत असते. हात तुटलेली मूर्ती फडताळात असते. गव्हाणीचे सामान अकरा महिने माळ्यावर असते. ‘आशीर्वादित वस्तू टाकायची कशी?’ असे एकाने विचारले की दुसऱ्याचे तोंड बंद होते. वास्तविक या बाबतीत चर्चची रीत अवघड नाही. अशी वस्तू केरात टाकू नये, जाळावी किंवा पुरावी. जुन्या झावळ्या तर राखेच्या बुधवारपूर्वी चर्चमध्ये परत द्याव्यात, त्यांचीच राख कपाळी लागते. तेव्हा ‘देवाची वस्तू’ हे कारण पुष्कळदा देवाचे नसते. वाद जिंकण्यासाठी देवाला साक्षीला बोलावणे, एवढाच त्याचा अर्थ. टिळकांनीही आपल्या उधळेपणाला परमार्थाची बाजू दिलीच होती. त्यांच्या बाबतीत ती पुष्कळशी खरी होती, आणि म्हणूनच लक्ष्मीबाईंना उत्तर देणे कठीण गेले असावे.

एकच बाजू ऐकून निवाडा होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, या घरातला सगळाच पसारा टिळकांचा नव्हता. पोरकी मुले, विद्यार्थी, आजारी माणसे यांनी घर भरे, आणि त्यांना ठेवून घेण्यात लक्ष्मीबाई मागे नव्हत्या. बालकवी ठोमरे याच कुटुंबात मुलासारखे राहिले. पतीचा पसारा पैशाचा आणि कागदांचा, तर पत्नीचा माणसांचा. स्वतःच्या पसाऱ्याला त्या पसारा म्हणत नाहीत, हे मात्र लक्षात घ्यावे. हा या ग्रंथाचा दोष म्हणावा की मनुष्यस्वभाव, ते वाचकाने ठरवावे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शेंडगावचे डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, 1905 साली घर सोडून निघाले. हाती एक गाडगे आणि खराटा, अंगावर चिंध्या. पुढे त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा उभारल्या, गावोगावचे रस्ते झाडले. 1956 साली ते गेले, आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. वस्तूंचा इतका समूळ त्याग करणारा दुसरा पती सापडणे कठीण! परंतु मागे राहिलेल्या कुंताबाईंना कोणती वस्तू हवी होती, कोणती नको होती? प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांचे चरित्र लिहिले, गो. नी. दांडेकरांनीही लिहिले. कुंताबाईंनी स्वतः लिहिलेले पुस्तक मात्र नाही. बाबांच्या थोरवीविषयी आमच्या मनात शंका नाही. पण संसाराचा हिशेब दोघांनी मिळून मांडायचा असेल, तर वऱ्हाडातील ही वही अर्धी कोरी राहिली आहे. टिळकांच्या घरची ती कोरी राहिली नाही, कारण पत्नीच्या हाती लेखणी आली. ती दौत अखेर तिच्याही कामी आली, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरीत नाही.

आणि येथे एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे ‘टाकावे की ठेवावे’ हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका सरळ राहत नाही. टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य अपुरेच होते. जेमतेम अकरा अध्याय झालेले. ज्या माणसाच्या सुरू केलेल्या आणि अर्धवट सोडलेल्या गोष्टी आवरण्यात लक्ष्मीबाईंचे आयुष्य गेले, त्याचा हा अखेरचा आणि सर्वांत मोठा अपुरा कागद. तो पेटीत बांधून ठेवता आला असता. कोणी नाव ठेवले नसते. शाळेत न गेलेल्या, पतीकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने त्यापुढे चौसष्ट अध्याय लिहिले. शेवटचा शहात्तरावा अध्याय मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. स्वतः लक्ष्मीबाई 1936 च्या फेब्रुवारीत गेल्या तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अपुरा होता, आणि तोही आवरला देवदत्तांनीच.